माजघरांतलें नवें नाटक

नाटक हें पाहावयाचें असतें, वाचावयाचें नव्हे, असें जाणते लोक नेहमीं सांगतात. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु असें सांगणारा मनुष्य बहुधा पुण्यामुंबईचा, निदान नागपूरचा तरी रहिवासी असतो. सायंकाळचें जेवण लवकर उरकून अर्ध्या तासांत ज्याला नाट्यगृहाच्या दाराशीं पोंचतां येतें, त्यानें नाटक पाहावें आणि सुखी व्हावें. तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. वर्धा स्थानकावरून मुंबईच्या गाड्या दिवसरात्र धांवतात. पण मुंबईचें नवें नाटक त्यांतून उतरून आमच्या आर्वीस येत नाहीं. नागपुरास एखादा प्रयोग लागला, तरी तो पाहून मध्यरात्रीं परत यावयाचें म्हणजे घरांतल्या निम्म्या माणसांनीं जावें आणि निम्म्यांनीं वृद्धांजवळ व मुलांजवळ थांबावें, असा हिशेब करावा लागतो. विदर्भाच्या पूर्वेस झाडीपट्टींत धानाचीं पिकें निघालीं कीं गांवोगांव रात्र-रात्र नाटकें चालतात, देसाईगंज-वडशाच्या मंडळ्या हिंडत असतात. तें वैभवही आम्हां कापूस-तुरीच्या पट्ट्यांतल्या लोकांच्या वांट्यास आलेलें नाहीं. तेव्हां नवें नाटक आम्हांस भेटावयाचें तर तें पुस्तकाच्या रूपानेंच भेटणार, हें उघड आहे.

मात्र जें नाइलाजानें पत्करावें लागतें तें नेहमींच दुय्यम असतें असें नाहीं. आमच्या घरीं लहानमोठीं अकरा माणसें आहेत. मामंजी, सासूबाई, मामंजींच्या धाकट्या भगिनी आत्याबाई, थोरले भाऊजी व जाऊबाई, त्यांचीं दोन मुलें, आणि आम्ही दोघें व आमचीं दोन. या अकरा जणांत महिन्यांतून एका शनिवारीं, रात्रींचीं जेवणें आटोपल्यावर, माजघरांत एक नवें नाटक मोठ्यानें वाचलें जातें. या वाचनांतून आम्हांस जें मिळालें तें प्रयोग पाहून मिळालें असतें कीं काय, याची मला शंका आहे. तेंच येथें सांगावयाचें आहे.

नाटकाचें वेड आमच्या घरास नवें नव्हे. मामंजींच्या कपाटांत किर्लोस्कर, देवल, खाडिलकर आणि गडकरी असे चौघे ओळीनें उभे आहेत. त्यांतही गडकऱ्यांवर मामंजींची भक्ति विशेष. गडकरी १९१९ सालच्या जानेवारींत नागपूरजवळच्या सावनेर गांवीं वारले आणि त्यांचें ‘एकच प्याला’ महिन्याभरानें बडोद्यास रंगभूमीवर आलें, हें सांगतांना मामंजींचा आवाज आजही जड होतो. जणूं कांहीं ती घटना त्यांच्या डोळ्यांदेखत घडली. नाट्यपदें तर घरांतल्या बायकांना जात्यावरच्या ओव्यांसारखीं पाठ होतीं. या जुन्या मंडळींच्या शेवटीं कानेटकरांचें ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आहे. तें १९६२ चें. त्यापुढें कपाट संपतें. आमच्या घराच्या दृष्टीनें मराठी नाटकही तेथेंच संपलें होतें.

वस्तुतः मराठी नाटकानें खरें धाडस त्यानंतरच केलें. १९६७ सालीं तेंडुलकरांचें ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आलें. १९७२ सालीं त्यांचींच ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ हीं दोन नाटकें आलीं आणि दोन्हींवरून महाराष्ट्रांत गदारोळ उडाला. १९७४ सालीं सतीश आळेकरांचें ‘महानिर्वाण’ आलें. आमच्या घरीं यांपैकीं एकही पुस्तक आलें नाहीं. आली ती केवळ त्यांची कीर्ति, आणि तीही वर्तमानपत्रांतल्या भांडणांच्या बातम्यांतून. ज्या नाटकाविषयीं पहिली बातमी भांडणाची येते, तें सभ्य घरांत कोण आणणार? अशा रीतीनें दोन पिढ्यांचें नाट्यवाङ्मय आमच्या उंबऱ्याबाहेर उभें राहिलें. हें एकट्या आमच्याच घरीं घडलें असेल असें मला वाटत नाहीं. वाचकांनीं आपापल्या घरचीं कपाटें एकदां उघडून पाहावीं.

मला याचें नवल अधिक वाटे तें अशासाठीं, कीं या नव्या नाटककारांतला एक अग्रणी आमच्या शेजारच्याच जिल्ह्यांत जन्मला आहे. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यांतल्या पारव्याचे. जन्म १९३९ चा. नागपुरांत तरुणपणीं एका चित्रपटाचें तिकीट मिळालें नाहीं म्हणून ते जवळच चाललेल्या नाटकास गेले. तें तेंडुलकरांचें ‘मी जिंकलो! मी हरलो!’ होतें, विजया मेहतांनीं बसविलेलें. त्या नाटकानें ते इतके हलून गेले कीं आपणही नाटकच लिहावयाचें असें त्यांनीं ठरविलें, आणि पुढचें वर्षभर ते नवींजुनीं नाटकें वाचीत राहिले. १९६७ सालीं ‘सत्यकथे’त त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका छापून आली. मला या हकीकतींतलें तें वाचनाचें एक वर्ष फार मोलाचें वाटतें. प्रयोगानें त्यांना हांक मारली हें खरें. पण घडविलें तें वाचनानेंच. जो पुढें नाटककार झाला त्यालाही जर आधीं पुस्तकें घेऊन बसावें लागलें, तर आम्ही प्रेक्षकांनीं बसण्यांत कमीपणा कोणता?

पण नवीं नाटकें मिळवावयाचीं कोठून, हा खरा प्रश्न आहे. कादंबरी निघाली कीं तिची जाहिरात होते. नाटक छापून निघालें हें छापणाऱ्याखेरीज फारसें कोणास कळत नाहीं. शिवाय पुष्कळ नाटकें आधीं रंगभूमीवर येतात, मग दोनचार वर्षांनीं छापलीं जातात, आणि कित्येक कधींच छापलीं जात नाहींत. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेंत दरवर्षीं कितीतरी नवीं नाटकें होतात. त्यांपैकीं बरींच टंकलेल्या प्रतींतच राहतात. आमच्या सुदैवानें २०२३ च्या फेब्रुवारींत शहाण्णवावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यासच भरलें. न्यायमूर्ति नरेंद्र चपळगांवकर अध्यक्ष होते. त्यापूर्वीं वर्ध्यास संमेलन भरलें होतें तें १९६९ सालीं, पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालीं. म्हणजे चौपन्न वर्षांनीं सरस्वती पुन्हा आमच्या जिल्ह्यांत आली होती. घरांतल्या पुरुषमंडळींनीं व्याख्यानें ऐकलीं. जाऊबाई आणि मी ग्रंथप्रदर्शनांत हिंडलों. नाटकांचीं पुस्तकें बहुतेक दुकानांतून अगदीं खालच्या फळीवर, कडेला ठेवलेलीं होतीं. तीं हातीं घेण्यासाठीं अक्षरशः गुडघे टेकावे लागले. परततांना आमच्या पिशवींत नऊ नाटकें होतीं आणि त्या सर्वांची मिळून किंमत एका बऱ्या साडीइतकीही झाली नव्हती.

तेव्हांपासून आमचें वाचन सुरू झालें. नाटक वाचणें ही कादंबरी वाचण्याहून वेगळी कला आहे, हें पहिल्याच रात्रीं ध्यानांत आलें. प्रथम आम्हीं केवळ संवाद वाचले. तेव्हां कोण आलें, कोण गेलें, कोण नुसतें उभें आहे, याचा कांहीं केल्या उमज पडेना. मग कंसांतल्या रंगसूचना वाचण्याचें काम एका निराळ्या माणसाकडे दिलें. हें काम माझा पुतण्या करतो. तेंडुलकरांच्या नाटकांत संवाद जागोजागीं तुटतात आणि तुटलेल्या जागीं टिंबें असतात. आरंभीं आम्ही तीं टिंबें ओलांडून धांवत सुटत असूं. पुढें कळलें कीं बोलणाऱ्याला जें बोलवत नाहीं तें त्या टिंबांत आहे. आतां तेथें आम्ही थांबतों. अकरा माणसें एकत्र बसून एका टिंबापाशीं गप्प होतात, हा अनुभव एकदां घेऊन पाहण्याजोगा आहे.

दुसरा नियम आम्हीं ठरविला तो अधिक महत्त्वाचा. ज्याचें घरांत जें नातें असेल त्यानें त्या नात्याची भूमिका वाचावयाची नाहीं. सुनेनें सुनेची वाचावयाची नाहीं, थोरल्यानें थोरल्याची नाहीं, सासूनें सासूची तर नाहींच. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना याचें कारण सांगावयास नको. नाटकांतल्या सुनेचें एखादें झोंबणारें वाक्य खऱ्या सुनेच्या तोंडून आलें, तर तें नाटकाचें न राहतां टोमणा होतें, आणि दुसऱ्या दिवशीं स्वयंपाकघरांत भांडीं जरा जोरानें वाजूं लागतात. हा नियम भांडण टाळण्यासाठीं केला होता. त्याचा खरा उपयोग वेगळाच निघाला, तो पुढें सांगतें.

आरंभ ‘महानिर्वाणा’नें झाला. पुण्याच्या चाळींतले भाऊराव मरतात, आणि आपल्याच मरणावर स्वतः कीर्तन करतात. जुन्याच स्मशानांत आपलें दहन व्हावें असा हट्ट धरतात. बिचारा मुलगा नाना त्यापायीं हैराण होतो. विषय ऐकतांच सासूबाई उठून गेल्या. शनिवारीं रात्रीं घरांत मरणाच्या गोष्टी नकोत, असें त्यांचें म्हणणें. मामंजींस मात्र कीर्तनाचें अंग. पहिलें पान ऐकल्यावर त्यांनीं पुस्तक मागून घेतलें आणि भाऊरावांचे संवाद स्वतः म्हणण्यास आरंभ केला. वय ऐंशींच्या पुढें, गुडघे धरलेले. पण पूर्वरंगाची चाल त्यांना बिनचूक सांपडली. आम्ही सगळीं पोट धरून हंसत होतों आणि हंसतां हंसतां मधूनच कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी येत होतें. वाचन संपलें तेव्हां सासूबाई दाराआड उभ्या असलेल्या दिसल्या. दुसऱ्या दिवशीं मामंजींनीं, आपल्या मागें काय करावें आणि काय करूं नये, हें सर्वांसमक्ष अगदीं सहज सांगून टाकलें. अशा गोष्टी विचारण्याचें धैर्य एरव्हीं कोणा मुलास होत नाहीं, आणि सांगण्याचें कोणा बापास.

यानंतर दोन महिन्यांनीं एलकुंचवारांचें ‘वाडा चिरेबंदी’ घेतलें. १९८५ सालीं विजया मेहतांनीं तें रंगभूमीवर आणलें. पुढें ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ हे दोन भाग त्याला जोडले गेले. १९९४ सालीं चंद्रकांत कुलकर्णी यांनीं तीनही भाग मिळून एकत्र प्रयोग केला, तो सुमारें नऊ तास चाले. ‘युगान्त’ला पुढें साहित्य अकादमीचें पारितोषिक आणि सरस्वती सन्मान मिळाला. धरणगांवकर देशपांड्यांचा हा वाडा. कर्ते तात्याजी नुकतेच वारले आहेत. तेराव्यासाठीं मुंबईहून धाकटा सुधीर व त्याची पत्नी अंजली येतात. थोरला भास्कर व वहिनी वाडा धरून बसलेलीं. चंदू मुकाट्यानें राबणारा. शिकण्याची फार इच्छा असून जिला शिकूं दिलें नाहीं ती प्रभा. दारांत गंजत पडलेला ट्रॅक्टर. तेराव्याचा थाट करावा तर पैसा नाहीं, न करावा तर घराण्याचें नांव जातें. या ओढाताणींत वाड्याच्या चिऱ्यांबरोबर माणसेंही एकेक करून खचत जातात.

पहिल्या अंकाचीं चार पानें झालीं असतील नसतील, जाऊबाई थांबून म्हणाल्या, “अगं, हे तर आपल्यासारखंच बोलून राहिले!” खरोखरच ती बोली आमची होती. आमच्या घरांतली वऱ्हाडी वळणाची भाषा शाळेंत गेल्यावर मुलांनीं विसरावी अशी आमची शिकवण. ती भाषा चांगल्या कागदावर छापलेली पाहून घरांतल्या थोरामोठ्यांस जो आनंद झाला, त्यांत थोडें आश्चर्य आणि थोडी भरपाईही होती. आम्ही जें बोलतों त्यांतही वाङ्मय होऊं शकतें, हें आम्हांस कोणी सांगितलें नव्हतें.

परंतु त्या रात्रीं दुसरेंही कांहीं घडत होतें. आमच्या वाड्याची मागची पडवी आणि परसू विकण्याचें त्या सुमारास घरांत चाललें होतें. वाड्याची दुरुस्ती अंगावर आलेली, पुतण्याचें शिक्षण पुढें उभें, कापसाचा भाव तीन वर्षांपैकीं दोन वर्षें पडलेला. विक्रीखेरीज मार्ग नव्हता. गिऱ्हाईक ठरलें होतें, आणि वकिलाकडून एक कागद तयार होऊन मामंजींच्या मेजावर पडला होता. तो आत्याबाईंनीं करून द्यावयाच्या हक्कसोडपत्राचा होता. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें मुलीला वडिलांच्या मिळकतींत वारस ठरविलें आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत तिला जन्मतःच मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. पण कायदा निराळा आणि रूढि निराळी. बहिणींनीं असल्या कागदावर सही करावयाची असते, ती त्या करतात, आणि भाऊ त्यांना दिवाळीस एक चांगलें पातळ घेतो, हीच आमच्याकडची पद्धति. कोणाच्याही मनांत कपट नव्हतें. आत्याबाई याच घरांत जन्मल्या, लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन याच घरांत परतल्या, आणि पन्नासांहून अधिक वर्षें याच चुलीपुढें उभ्या राहिल्या. त्या सही करणार नाहींत अशी शंकाही कोणास शिवली नव्हती.

आमच्या नियमाप्रमाणें प्रभेची भूमिका जाऊबाईंकडे होती आणि चंदूची थोरल्या भाऊजींकडे. भाऊजी घरांतले कर्ते; हुकूम देण्याची संवय असलेले. त्यांना त्या रात्रीं दुसऱ्यांचे हुकूम ऐकून मुकाट्यानें उठणाऱ्या, कोणी विचारीत नाहीं अशा माणसाचे संवाद वाचावे लागले. चंदूचें बोलणें फार थोडें आहे. पानामागून पानें भाऊजी आपली पाळी येण्याची वाट पाहत बसले होते, आणि पाळी आली तरी एकाच वाक्यांत संपत होती. दुसऱ्या अंकांत ते एकदां म्हणाले, “या माणसाला कोणी बोलूच देत नाही.” कोणीं उत्तर दिलें नाहीं. प्रभेचा एक प्रवेश झाल्यावर भिंतीशीं बसलेल्या आत्याबाई जाऊबाईंस म्हणाल्या, “तेवढं पुन्हा वाच गं.” जाऊबाईंनीं पुन्हा वाचलें. आत्याबाई वाती वळीत होत्या, त्या वळीतच राहिल्या.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं मामंजींनीं कागद पुढें केला तेव्हां त्या म्हणाल्या, “मी सही करणार नाही असं नाही, अण्णा. पण मला कोणी विचारलं नाही. विचारल्याशिवाय कशी करू?” एवढेंच. आवाज चढलेला नव्हता. परंतु ज्या घरांत पन्नास वर्षें त्यांचा नकार कोणीं ऐकला नव्हता, तेथें तें वाक्य फार मोठें झालें. थोरल्या भाऊजींस तें लागलें. नाटकें वाचून घरें फुटतात, असें ते म्हणाले, आणि पुढचे दोन शनिवार ते वाचनास बसले नाहींत. कित्येक दिवस जेवणाच्या पंगतींत कोणी कोणाशीं धड बोलत नव्हतें. अखेर मामंजींनीं सर्वांना एकत्र बसवून बहिणीला विचारलें, आणि तिनें आपलें म्हणणें मांडलें. विक्रीस तिची हरकत नव्हती. तिला आपल्या नांवानें बँकेंत ठेव हवी होती, आणि उरलेल्या वाड्यांतली देवघराशेजारची खोली आपल्या हयातीपर्यंत आपली आहे असें कागदावर हवें होतें. हें सर्व होण्यास चार महिने लागले. आज तो कागद झाला आहे, पडवी विकली गेली आहे आणि वाड्यावर नवीं कौलें चढलीं आहेत. तिसऱ्या महिन्यांत भाऊजी आपण होऊन येऊन बसले आणि म्हणाले, “‘मग्न तळ्याकाठी’ राहिलं आहे ना? घ्या.”

हें सर्व नाटकानें केलें असा माझा दावा नाहीं. आत्याबाईंच्या मनांत तें किती वर्षांपासून होतें तें त्यांनाच ठाऊक. परंतु मनांतल्या गोष्टीला शब्द लागतात, आणि ते शब्द स्वतःचे प्रथमच उच्चारणें फार कठीण असतें. दुसऱ्या कोणाचे शब्द आधीं मोठ्यानें ऐकूं आले म्हणजे जीभ थोडी सैल होते. नाट्यगृहांत अंधारांत बसून आत्याबाईंना “तेवढं पुन्हा वाच” असें म्हणतां आलें नसतें. चालतें नाटक थांबवितां येतें, मागें नेतां येतें, हा वाचनाचा लाभ आहे. आणि कर्त्या पुरुषानें एक रात्र चंदू व्हावें, हा आमच्या नियमाचा लाभ.

यापुढचें वाचन आणखी अवघड होतें. प्रेमानंद गज्वी हे चंद्रपूर जिल्ह्यांतले, दलित रंगभूमीचे मोठे नाटककार. २०१९ सालीं नागपुरास भरलेल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष. ‘घोटभर पाणी’ ही त्यांची एकांकिका प्रसिद्ध आहे. त्यांचें ‘किरवंत’ मात्र ब्राह्मणांविषयीं आहे. अंत्यविधि करणाऱ्या किरवंत ब्राह्मणांना इतर ब्राह्मण अपवित्र मानून दूर ठेवतात, हा त्याचा विषय. अस्पृश्यतेची झळ ज्या समाजानें सोसली त्यांतल्या लेखकानें ती झळ आमच्याच पंगतींत दाखवून द्यावी, ही गोष्ट पचावयास सोपी नाहीं. ज्या वर्ध्यांत १९२८ सालीं जमनालाल बजाजांनीं लक्ष्मीनारायणाचें मंदिर अस्पृश्यांस खुलें केलें, जेथून जवळच सेवाग्रामीं १९३६ पासून गांधीजी राहिले, त्या जिल्ह्यांतलीं आम्ही माणसें. अस्पृश्यता गेली, आपल्या घरीं ती नव्हतीच, असें आम्ही निःशंकपणें म्हणत असूं. वाचन झाल्यावर सासूबाई म्हणाल्या कीं दहाव्या-अकराव्याचे गुरुजी आपल्याकडे नेहमीं मागच्या दारानें येत आणि त्यांचें पान वेगळें मांडलें जाई. आपण त्यांचें नांव कधीं विचारलें नाहीं. गेल्या वर्षीं घरांत एक कार्य झालें, तेव्हां ते गुरुजी समोरच्या दारानें आले आणि पहिल्या पंगतीस बसले. त्यांचें पान सासूबाईंनीं स्वतः मांडलें.

येथें कोणी विचारील कीं हीं नाटकें मुलांबाळांसमोर वाचावीं कीं काय. प्रश्न रास्त आहे. नवीं नाटकें सर्वच सर्वांसमोर वाचण्याजोगीं नाहींत, हें मी मान्य करतें. ‘सखाराम बाइंडर’ आम्हीं मोठ्या माणसांनीं, तेंही ज्यानें त्यानें एकट्यानें वाचलें, आणि मग त्यावर बोललों. त्यांतली भाषा कठोर आहे. पण ज्या घरांत दारू आणि मारहाण शिरते त्या घरांतली भाषा मृदु असतच नाहीं, एवढें तरी त्यावरून कळतें. माझें मत असें आहे कीं घरांतल्या एकानें पुस्तक आधीं वाचून पाहावें आणि मग ठरवावें. न वाचतां, केवळ भांडणाच्या बातमीवरून ठरवूं नये. मुलांना काय ऐकूं द्यावें हें ठरविण्याचा अधिकार वडील माणसांचा आहे. पण तो अधिकार वाचलेल्या माणसानें चालवावा.

शिवाय नव्या नाटकांत कठोरपणाच आहे असें नव्हे. प्राजक्त देशमुख या तरुण लेखकाचें ‘संगीत देवबाभळी’ २०१७ सालीं आलें. त्यांत दोनच पात्रें: तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई. नवऱ्याची भाकरी घेऊन डोंगर धुंडाळणाऱ्या आवलीच्या पायांत बाभळीचा कांटा मोडतो, आणि रखुमाई वेष पालटून तिच्या घरीं सेवेस राहते. एकीचा नवरा देवाच्या नादीं लागला, दुसरीचा देव भक्तांच्या नादीं. दोघींचें दुःख एकाच जातीचें निघतें. हें नाटक आमच्याकडे सासूबाई आणि माझी नऊ वर्षांची मुलगी यांनीं मिळून वाचलें. सासूबाईंनीं आवली वाचली. वारीला गेलेल्या पुरुषांच्या मागें घर कोण चालवितें, हें त्यांना कोणी समजावून द्यावें लागलें नाहीं. महानिर्वाणाच्या वेळीं दाराआड उभ्या राहणाऱ्या सासूबाई त्या रात्रीं चष्मा पुसून-पुसून दोन तास वाचीत होत्या.

एकत्र कुटुंबांत प्रत्येकाची भूमिका ठरून गेलेली असते, आणि भूमिकेबरोबर संवादही. थोरल्यानें काय बोलावें, धाकटीनें कोठें गप्प बसावें, विधवा बहिणीनें कशाला मान डोलवावी, हें वर्षानुवर्षें तेंच तें चालतें. त्यांत प्रेम नसतें असें नाहीं. पण एकमेकांचें ऐकणें हळूहळू बंद पडतें, कारण पुढचें वाक्य सर्वांना आधींच ठाऊक असतें. दुसऱ्याची भूमिका महिन्यांतून एकदां मोठ्यानें वाचली, तर तें बंद पडलेलें ऐकणें पुन्हा सुरू होतें, असा आमचा अनुभव आहे. वेगळें निघणें हा आजच्या घरांपुढचा एक मार्ग आहे. कित्येकदां तो योग्यही असतो. पण वेगळें निघावयाचें असो वा एकत्र राहावयाचें असो, एकमेकांचें बोलणें एकदां नीट ऐकून मग तें ठरवावें.

ज्यांना हा उपक्रम करून पाहावासा वाटेल त्यांच्यासाठीं चार शब्द. दोन-तीन पात्रांच्या नाटकापासून आरंभ करावा. पुस्तकें कमींत कमी दोन असावींत. एका पुस्तकावर चार डोकीं वांकलीं कीं आवाज फुटत नाहीं. अंक संपल्यावर लगेच चर्चा करूं नये, चहा करावा. जवळपास एखादी हौशी नाट्यमंडळी असल्यास तिच्याकडे स्पर्धेंतल्या नाटकांच्या टंकलेल्या प्रती असतात. मागितल्यास आणि जपून परत केल्यास ते लोक आनंदानें देतात. घरांत वाचणें निराळें आणि तिकीट लावून प्रयोग करणें निराळें. प्रयोगास लेखकाची परवानगी घ्यावीच लागते.

आमच्याजवळ आतां तेवीस नाटकें झालीं आहेत. पुलगांव, देवळी, हिंगणघाट, सेलू येथील ज्या घरांत अशीं पुस्तकें असतील त्यांनीं तीं आपसांत फिरवावींत असें मनांत आहे. एका घरानें घेतलेलें नाटक पांच घरांनीं वाचलें तर लेखकाचें कांहीं बिघडत नाहीं, उलट सहाव्या घरास तें विकत घ्यावेंसें वाटेल. पुढच्या शनिवारासाठीं गज्वींचें ‘गांधी-आंबेडकर’ काढून ठेवलें आहे. त्यांत त्या दोघांच्या जोडीला एक विदूषक आहे. गांधी कोण वाचणार आणि आंबेडकर कोण, यावर पुतण्यांत आणि मामंजींत अद्याप वाद चालू आहे. विदूषकाची भूमिका मात्र आत्याबाईंनीं आधींच मागून घेतली आहे.